जुनी काठी टाकावी कीं वापरावी?

आमच्या खेड्यांतील मुलें गळ टाकावयास निघालीं म्हणजे कुंपणांतून किंवा ओढ्याकाठच्या बेटांतून एक वेळू तोडितात, त्याच्या शेंड्यास दोरी बांधितात, गळास कणकेची गोळी किंवा गांडूळ लावितात, आणि हंगाम सरला म्हणजे ती काठी आईच्या चुलींत जाते. ती जुनी झाली, आतां ती वापरण्याजोगी राहिली कीं नाहीं, असा प्रश्न कोणी करीत नाहीं. कारण दुसरी काठी कुंपणांत उभीच असते. जिच्यांत कोणाचे श्रम थोडे व आठवण मुळींच नाहीं, अशा वस्तूविषयीं हा प्रश्न उद्भवतच नाहीं. तो उद्भवतो तो अशा वस्तूविषयीं कीं जिच्यावर कोणी तरी दिवसचे दिवस मेहनत केली, जी कोणी तरी विश्वासानें दुसऱ्याच्या हातीं दिली, आणि देणारा व घेणारा दोघेही आतां राहिले नाहींत. गेल्या वर्षीं अशी एक काठी मजकडे आली. तिच्यापायीं मला जें लाजिरवाणें शिक्षण मिळालें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

आमच्या मंडळींत एक वृद्ध कंपौंडर होते. तरुणपणीं ते मिशनच्या इस्पितळांत काम करीत. तेथील परदेशी डॉक्टरसाहेब १९६० च्या सुमारास कायमचे मायदेशीं गेले, तेव्हां त्यांनीं आपली मासे धरण्याची काठी ह्यांस दिली. ती त्यांस त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती. "ही वापरा, नुसती ठेवूं नका," असें त्यांनीं बजावून सांगितलें. आणि कंपौंडरांनीं ती ठेवून दिली. एवढ्या मोठ्या माणसाची वस्तु आपण ओढ्यावर कशी न्यावी, असा त्यांचा भाव होता. पत्र्याच्या नळकांड्यांत घालून ती पलंगाखालीं सरकविली. दर नाताळास ती बाहेर काढावी, पुसावी, पाहुण्यांस दाखवावी, व पुन्हा नळकांड्यांत घालून झांकण लावावें, हा क्रम साठांहून अधिक वर्षें चालला. गेल्या वर्षीं ते वारले, आणि त्या काठीचें काय करावें ह्याविषयीं घरांत तीन मतें झालीं. मुलाचें म्हणणें, अशा जुन्या वस्तू विकत घेणारे हौशी लोक मुंबईस असतात, चार पैसे येतील ते घ्यावे. नातू म्हणे, बाजारांत थोडक्या पैशांत कार्बनची नवी काठी मिळते, ती हिच्या निम्म्या वजनाची. हें लांकूड कोण वागवितो? आजीबाई मात्र मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, डॉक्टरांनीं वापरा म्हणून सांगितलें होतें. ह्यांनीं ऐकलें नाहीं. तुम्ही तरी ऐका." मला लहानपणापासून गळाचा नाद आहे हें गांवांत सर्वांस ठाऊक आहे, तो मला शोभत नाहीं असें कित्येकांस वाटतें, हेंही मला ठाऊक आहे.

काठी उघडून पाहिली आणि तिच्या घडणीनें मी थक्क झालों. दुरून ती वेताच्या छडीसारखी दिसते. परंतु बोट फिरवितांच कळतें कीं ती गोल नसून षट्कोनी आहे. वेळू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या करावयाच्या, प्रत्येकीचा कोन साठ अंशांचा, आणि प्रत्येक पट्टी अशी निमुळती कीं शेंड्याशीं ती सुईसारखी बारीक व्हावी. मग त्या सहाही सरसानें अशा जोडावयाच्या कीं वेळूची कठीण पाठ सर्व बाजूंनीं बाहेर राहील. वेळूचें बळ त्या पाठीलगतच्या तंतूंत असतें; आंतला भाग मऊ. म्हणून अशी काठी बारीक असूनही वांकते, आणि सोडतांच सरळ होते. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन गांवचा सॅम्युएल फिलिप नांवाचा बंदुका करणारा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चिरलेल्या वेळूच्या काठ्या करीत असे. पुढें मेन संस्थानांतील हायरम लिओनार्ड ह्यानें पट्ट्या कापण्याचें यंत्र केलें, आणि इंग्लंडांत अल्निक येथें १८७२ सालीं निघालेल्या हार्डी बंधूंच्या दुकानानेंही ह्या कामांत मोठें नांव मिळविलें. आमच्या काठीवरील कारागिराचें नांव मात्र पुसून पुसून नाहींसें झालें आहे.

वाचकांस नवल वाटेल, परंतु आरंभीं ह्या काठ्यांस लागणारा वेळू आपल्याच देशांतून जात असे. कलकत्ता बंदरांतून जाई म्हणून त्यास तिकडे कलकत्ता वेळू म्हणत. ज्या भरीव वेळूच्या आपल्याकडे लाठ्या करितात तोच तो. नंतर चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतील एका लहानशा टापूंत होणारा, अधिक सरळ व दाट तंतूंचा वेळू व्यापाऱ्यांस सांपडला. त्याला ते टोंकिन म्हणूं लागले, आणि आपला वेळू मागें पडला. तेव्हां एका वेळूची लाठी होते, दुसऱ्याची चुलींत राख होते, आणि तिसरा पितळी नळ्या व रेशमी दोरे लेवून साहेबाच्या हातीं मिरवतो. भेद वेळूंत थोडा, श्रमांत फार.

मग ह्या काठ्या मागें कां पडल्या? त्या वाईट ठरल्या म्हणून, असें नातवास वाटत होतें, आणि बहुतेकांस तसेंच वाटेल. खरी हकीकत अशी आहे कीं दुसऱ्या महायुद्धानंतर कांचेच्या तंतूंच्या काठ्या निघाल्या व त्या स्वस्त पडूं लागल्या. आणि १९५० च्या अखेरीस अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला तो १९७१ पर्यंत बंदच राहिला, म्हणून तिकडील कारागिरांस चिनी वेळू मिळेना. इंग्लंडांत फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेंत १९६० नंतरच्या दशकांत कार्बनचे बळकट तंतू करण्याची रीत सिद्ध झाली, आणि पुढील दशकांत त्याच्या काठ्या आल्या. म्हणजे जुनी काठी कांहीं अंशीं किंमतीनें हरली, कांहीं अंशीं राजकारणानें, आणि कांहीं अंशीं खरोखरच अधिक चांगल्या काठीनें. नवी काठी हलकी असते, गळ दूर फेंकते, पाण्यानें कुजत नाहीं. हें नाकबूल करणें हा केवळ हट्ट होय. परंतु तिला दगडावर ठोका बसला तर आंतली चीर डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ऐन वेळीं ती एकदम तुटते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. आमच्या कालव्याकाठीं विजेच्या तारा किती खालीं लोंबतात हें वाचकांस सांगावयास नको. नातवास मीं हें सांगितलें तेव्हां तो गप्प बसला. वाद जिंकल्याचा मला थोडा अभिमानही वाटला. पुढें जें घडलें त्याचा आरंभ त्या अभिमानांतच होता असें आतां वाटतें.

अशी काठी तपासण्याची रीत कांहीं कठीण नाहीं. ती जोडून डोळ्याशीं धरावी व बंदुकीच्या नळीसारखी पाहावी, म्हणजे कायमचा बांक आला असल्यास दिसतो. तुकडे जोडणाऱ्या पितळी नळ्या ढिल्या झाल्या आहेत काय, दोरी ओवण्याच्या कड्यांस चरे पडले आहेत काय, कड्या बांधणारा रेशमी दोरा कुजला आहे काय, हें पाहावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक तुकडा दोन हातांत धरून कानाशीं न्यावा व हळूच पिळावा. सरस धड असेल तर काठी मुकी राहते. सरस सुटला असेल तर पट्टी पट्टीवर घासते व बारीक कुरकुर ऐकूं येते. हें सर्व मला ठाऊक होतें, आणि हें सर्व मीं केलें. शेंड्याचा तुकडा पिळला तेव्हां नातू जवळ उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आंत कांहीं तरी कुरकुरतें." मीं उत्तर दिलें, "जुन्या लांकडास आवाज असावयाचाच."

हें वाक्य मी कां बोललों? मला ऐकूं आलें नव्हतें असें नाहीं. त्या घरच्या लोकांसमोर त्याच काठीनें एक मोठा मासा काढून दाखवावा, आजीबाईंस आनंद व्हावा, नातवाची खोड मोडावी, अशी माझी इच्छा होती. आणि इच्छेस जें ऐकावयाचें नसतें त्याला ती लगेच एखादें शहाणपणाचें नांव देते. एवढ्यावरही मी थांबलों नाहीं. रिळावर डॉक्टरांची जुनी रेशमी दोरी होती, तीच मीं राहूं दिली. नायलॉनचा शोध १९३८ सालीं जाहीर झाला, आणि त्याची दोरी आज कोणत्याही बाजारांत मिळते. परंतु मला सर्व कांहीं जुनेंच पाहिजे होतें, जणूं काय एक नवी दोरी लावल्यानें त्या दोन्ही वृद्धांचा अपमान झाला असता.

तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आहे. तिची परवानगी घेऊन एका शनिवारीं आम्ही बांधाजवळ बसलों. आजीबाईही बैलगाडींतून आल्या होत्या. पहिला तास कांहीं झालें नाहीं. मग कणकेच्या गोळीवर एक कटला लागला, आणि तो लहान नव्हता. दोन-तीन मिनिटें ती काठी इतकी सुंदर वांकली कीं मी मासा विसरून तिच्याकडेच पाहत राहिलों. नंतर वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज झाला. शेंड्याच्या दोन पट्ट्या सुटल्या, उरलेल्या चारांनीं भार घेतला नाहीं, आणि तुटलेल्या कांठावर घासून दोरीही गेली. गळ, वीस-पंचवीस हात दोरी, आणि तिच्यांत ओवलेला काठीचा शेंडा, इतकें सर्व घेऊन मासा खोल पाण्यांत गेला. आजीबाई म्हणाल्या, "असूं द्या, मोडली तर मोडली." आम्ही घरीं आलों. त्या रात्रीं मला वाईट वाटलें तें काठीचें.

चार दिवसांनीं सोसायटीचा एक भोई माझ्या दारीं आला. त्याच्या हातांत तो शेंडा होता व त्याभोंवतीं दोरी गुंडाळलेली होती. "साहेब, ही तुमचीच ना?" मीं होय म्हटलें. तलाव झाला तेव्हां बुडालेल्या बाभळी अजून तळाशीं उभ्या आहेत. त्यांच्या फांद्यांत ती दोरी अडकली होती, आणि दोरीच्या टोंकास तो मासा होता. "फुगला होता," तो म्हणाला, "खाण्याजोगा राहिला नव्हता, टाकून दिला." तो हें सहज सांगत होता. माझें तोंड पाहून त्याला हंसूं आलें. त्याच्या जाळ्यांत रोज कितीतरी मासे मरतात, आणि एका कटल्यासाठीं पाळकसाहेब खिन्न होतात, ह्याचें त्याला हंसूं यावें हें साहजिकच होतें.

त्याला मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. नंतर पुष्कळ विचार केला. त्याचें मत आणि माझें दुःख ह्यांत विरोध आहे असें मला वाटत नाहीं. त्याच्या जाळ्यांतील मासा लवकर मरतो व कोणाच्या तरी ताटांत जातो. भोयाचीं मुलें त्यावर जगतात. माझा मासा कित्येक तास, कदाचित् कित्येक दिवस, बाभळीस बांधलेला राहिला, आणि कोणाच्याही ताटांत गेला नाहीं. मीं मासा मारला हें मला टोंचत नाहीं. मी मारावयासच गेलों होतों. टोंचतें तें हें कीं माझ्या हौसेचा दाम त्यानें भरला. काठी वापरावी कीं न वापरावी ह्याचा निर्णय आम्हीं चौघांनीं केला: आजीबाईंनीं मायेनें, मुलानें पैशाकडे पाहून, नातवानें नवेपणाच्या ओढीनें, आणि मीं मोठेपणासाठीं. ती मोडली तर कोणाचें काय जाईल, हा प्रश्न चौघांपैकीं एकानेंही विचारला नाहीं.

ही गोष्ट केवळ गळाची नव्हे. विहिरीचा नाडा आजोबांच्या हातचा आहे, तो टाकवत नाहीं, असें धनी म्हणतो. परंतु त्या नाड्यावर विहिरींत उतरतो तो गाळ काढणारा मजूर. धन्याची भावना खोटी असते असें मी म्हणत नाहीं. ती खरी असते, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी संशयानें पाहत नाहीं. आजोबांच्या आठवणीवर धन्याचा जितका हक्क आहे तितका मजुराच्या मानेवर नाहीं. आठवणीसाठीं तो नाडा खुंटीस टांगून ठेवावा, तेथें तो कोणास पाडीत नाहीं.

पण खुंटीस टांगल्यानें वस्तु राखली जाते असें तरी कोठें आहे? मोडलेला शेंडा हातीं आल्यावर मीं त्याचे सांधे भिंगानें पाहिले, तों ते काळे पडले होते. त्या काळच्या पुष्कळ काठ्यांत जनावरांच्या कातड्याचा वगैरे सरस वापरीत. ओल लागली कीं तो मऊ पडतो. रोगण शाबूत असेल तोंपर्यंत ओल आंत जात नाहीं. परंतु ह्या काठीचें रोगण केव्हांच तडकलें होतें. नदीवर न गेलेल्या काठीस ओल कोठून लागली, हें मला कळेना. मग आजीबाईंस विचारलें कीं कंपौंडर काठी कशानें पुसत. "ओल्या फडक्यानें," त्या म्हणाल्या, "धूळ राहूं नये म्हणून." पुसून लगेच नळकांड्यांत घालीत व झांकण घट्ट लावीत. खरें सांगावें कीं गप्प राहावें, ह्याचा मला थोडा वेळ प्रश्न पडला. शेवटीं मीं सांगितलें. त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, "म्हणजे पाण्यावर नेली असती तर टिकली असती?" मीं म्हटलें, "बहुधा. वापरणाऱ्यास ती वाळवावी लागली असती, रोगण द्यावें लागलें असतें, आवाज आल्यास कळलें असतें." त्या म्हणाल्या, "मी सांगतच होतें."

डॉक्टरांची कातडी पिशवीही त्या घरीं होती. तिच्यांत कांहीं गंजलेले गळ, हात लावतांच तुटणारे रेशीमकिड्यांच्या रेशीमग्रंथींचे धागे, आणि शिशाच्या बारीक गोळ्यांची एक डबी निघाली. त्या गोळ्या गळ बुडावा म्हणून दोरीस लावितात. नातू म्हणाला, "ह्या तर चांगल्या आहेत, शिसें कांहीं कुजत नाहीं." तेंच वाईट. ब्रिटनमध्यें १९८७ सालीं गळाच्या दोरीस लावण्याच्या बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. कारण तळाशीं पडलेल्या गोळ्या बारीक खडे समजून राजहंस गिळीत आणि विषानें मरत. डॉक्टरसाहेब दयाळू गृहस्थ होते, परंतु हें त्यांस ठाऊक नव्हतें. आम्हांस ठाऊक आहे. ज्या हातांनीं ती काठी दिली त्याच हातांनीं ती डबी दिली, म्हणून दोहोंस सारखाच मान द्यावा लागत नाहीं. डबीस झांकण घट्ट बसवून ती मीं मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवून दिली आहे. फेंकावी तरी कोठें?

आतां त्या काठीचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. नळकांड्याच्या तळाशीं फडक्यांत गुंडाळलेला दुसरा एक शेंडा निघाला. चांगल्या काठीबरोबर दोन शेंडे देण्याची त्या कारागिरांची चाल होती, हें मला नंतर समजलें. आपल्या हातची वस्तु कोठें मोडेल हें त्यांस ठाऊक होतें, आणि तें कबूल करण्यांत त्यांस कमीपणा वाटत नव्हता. हा शेंडा कधीं बाहेर न काढल्यामुळें ओल्या फडक्यापासून वांचला होता. कानाशीं धरून पिळला, तो मुका राहिला. मधला तुकडा व मूठही तशींच मुकीं निघालीं. जुनें रोगण खरवडून नवें दिलें. कड्यांचा कुजलेला दोरा काढून येवल्याच्या रेशमाचा दोरा नातवानें स्वतः गुंडाळला, आणि त्याला त्या कामांत आठ दिवस लागले. रिळावर नायलॉनची नवी दोरी घातली. मुलानें विचारलें, "मग आतां ही डॉक्टरांची काठी राहिली काय?" हा प्रश्न जुना आहे. मिलिंद राजा व भिक्षु नागसेन ह्यांच्या संवादांत रथाविषयीं असाच विचार आला आहे, कीं चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ तो कोणता? त्याचा निकाल लावण्याची माझी योग्यता नाहीं. मीं एवढेंच म्हटलें कीं डॉक्टरांनीं 'वापरा' असें सांगितलें होतें, आणि सांगितल्याप्रमाणें ती आज प्रथमच होत आहे.

मोठ्या माशासाठीं ती न्यावयाची नाहीं, असें ठरलें. तलावावर न नेतां ओढ्यावर न्यावी, जेथें बोटाएवढे-हाताएवढे मासे मिळतात. आणि पत्र्याचें नळकांडें सोडून कापडी पिशवींत, कोरड्या जागीं, सरळ टांगून ठेवावी. ती आतां नातवाकडे असते. विकण्याची गोष्ट कोणी काढीत नाहीं. मुंबईच्या हौशी माणसानें रोगण खरवडलेल्या काठीस फारसे पैसे दिलेही नसते, असें मुलगा म्हणतो, आणि त्यांत थोडा राग आहे तो मी समजूं शकतों. त्याच्या मुलीची फी त्या महिन्यांत भरावयाची होती. त्या घरास पैशाची जरूर होती, आणि मीं त्या जरुरीचा विचार काठीच्या विचारानंतर केला, ही दुसरी चूक.

मागील आठवड्यांत मी नातवाबरोबर ओढ्यावर गेलों होतों. तीन दिवस पाऊस पडून गेला होता व हवेंत ओल होती. त्यानें पिशवी सोडली, एकेक तुकडा कानाशीं धरला व पिळला. मूठ झाली, शेंडा झाला. मधल्या तुकड्याशीं तो थांबला, पुन्हा पिळला, डोळे मिटून पुन्हा एकदां पिळला. मला कांहीं ऐकूं आलें नाहीं, आणि मीं तसें म्हटलेंही. त्यानें उत्तर दिलें नाहीं. तिन्ही तुकडे पुसून पिशवींत घातले, पिशवी माझ्या हातीं दिली, आणि कोयता घेऊन तो बेटांतून एक वेळू तोडावयास गेला.